भिकाजीच्या धोकटीतलं गुंतवळ

भिकाजी चव्हाणाला गावाकडं कुणी विचारलं, की काय रे, तू दुबईत काय करतोस, तर तो आधी समोरच्याची चूक दुरुस्त करायचा. दुबई नव्हे, उम्म अल कुवैन. मग छाती जराशी पुढं काढून सांगायचा, "मिक्सिंग ऑपरेटर." ऐकणारा मान हलवायचा आणि मनाशी म्हणायचा, असेल बुवा काहीतरी मोठं. मोठं कसलं डोंबल! इंडस्ट्रियल एरियातली पत्र्याची एक शेड, शेडमध्ये स्टीलची तीन पिंपं, आणि पिंपात डोक्याला लावायचं तेल. ते भिकाजीनं ढवळायचं, एवढंच ते ऑपरेशन.

पण हा ढवळणारा तीन पिढ्यांचा न्हावी होता. कणकवलीला एका खुर्चीचं दुकान, त्या खुर्चीवर दोन भाऊ आणि दोघांचे संसार. मोठा भाऊ खुर्चीला चिकटला आणि धाकटा भिकाजी चौऱ्याण्णव साली बायकोला, नर्मदाला, दोन वर्षांत येतो असं सांगून विमानात बसला. येताना त्यानं बापाची धोकटी मात्र सोबत आणली. कातड्याची जुनी पिशवी, आत वस्तरा, दोन कात्र्या, कंगवे आणि पितळेची वाटी. एअरपोर्टवर त्या वस्तऱ्यावरून अर्धा तास जाब द्यावा लागला, तरी त्यानं ती टाकली नाही.

बापाचा एक नेम होता. प्रत्येक डोकं झालं की खालचे केस झाडून टोपलीत भरायचे, दुकान बंद करताना मागच्या फणसाखाली खड्ड्यात टाकायचे आणि वर माती लोटायची. एक केससुद्धा वाऱ्यावर जाऊ द्यायचा नाही. कोकणातल्या माणसाला याचं कारण सांगायला लागत नाही. केस नको त्या हातात पडले की करणी झालीच म्हणून समजा, अशी तिकडची समजूत. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळसुद्धा बोटाला गुंडाळून, त्यावर थुंकून, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं टाकतात. भिकाजीचा यावर विश्वास होता का? विचारलंत तर नाही म्हणायचा. पण खड्डा एक दिवस चुकवायचा नाही. "आमच्या घराण्याच्या हातून कुणाचा केस हरवला नाही," हे बाप इतक्या वेळा बोलला होता, की ते भिकाजीच्या अंगातच मुरलं होतं.

इथंही शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी तो खोलीबाहेर स्टूल मांडायचा. शेडच्या मागंच कामगारांच्या खोल्या होत्या. ओळीनं माणसं येऊन बसायची, मालवणी, मल्याळी, पठाण. पैसे घेत नसे, चहा घ्यायचा. आणि संपलं की केस गोळा करून कुंपणामागच्या वाळूत पुरायचा. त्याच्या खोलीतला वासुदेव घाडी यावरून त्याची यथेच्छ टिंगल करायचा. वासुदेव मालवणचा, पॅकिंगला. "अरे, हयसर करणी करूक कोणाक येळ हा? सगळे ओव्हरटाइम करतत," म्हणायचा. हा वासुदेव पुढं काय करून बसला ते येईलच.

शेडचे मालक धनंजय लिमये डोंबिवलीचे, केमिस्ट्री शिकलेले, भिकाजीपेक्षा वयानं लहान. त्यांनी इथल्या भारतीयांसाठी आवळ्याचं तेल काढलं होतं आणि ते सपशेल आपटलं होतं, कारण इथला प्रत्येक भारतीय सुट्टीवरून येताना आपल्या तेलाच्या बाटल्या बॅगेत घालूनच येतो. खोकी छताला टेकली होती. साहेब दिवसातून चारदा कपाळ चोळायचे.

अशात शहाण्णवच्या मे महिन्यात एक टॅक्सी शेडसमोर थांबली आणि तीतून कुलसुमबाई उतरल्या.

उंच, थोराड बांधा, चाळिशी ओलांडलेली. काळा बुरखा, चेहरा उघडा, डोकं घट्ट बांधलेलं आणि खांद्यावर रंगीत छापाचं सुती कापड, ज्याला त्या लेसो म्हणायच्या. आफ्रिकेतल्या मोंबासाच्या. लहानपण कच्छी दुकानदारांच्या शेजारात गेलेलं, त्यामुळं हिंदी तोडकं पण बेधडक. वर्षातून तीन-चारदा दुबईतल्या देऱ्याला येऊन, तिथल्या नाइफ नावाच्या बाजारातून कंगवे, रबरं, क्रीमचे डबे घेऊन जायच्या. तिथंच कुठल्याशा दुकानात धूळ खात पडलेल्या आवळा तेलाच्या बाटलीवरून त्यांनी पत्ता काढला होता.

त्यांनी पिशवीतून केसांना लावायच्या मलमाचा एक अमेरिकन डबा काढून टेबलावर ठेवला. "ये देखो. अठरा दिरहम."

"अठरा म्हणजे पावणेदोनशे रुपये!" साहेब मोठ्यानं म्हणाले. हिशेब मोठ्यानं करायची इथं सगळ्यांनाच खोड.

"हमारे उधर जो औरत दूसरे के घर कपड़ा धोती है, वो ये नहीं ले सकती," कुलसुमबाई म्हणाल्या. "बाल तो उसके भी हैं. दो दिरहम में डब्बा बनाओ. मैं ले जाऊँगी."

साहेबांनी डबा उघडून वास घेतला, बोटानं चोळून पाहिलं. पेट्रोलियम जेली, मेण, थोडं तेल, सुगंध. यात काय आहे! दोन महिन्यांत देतो म्हणाले. त्यांना खोकी दिसत होती, दुसरं काही दिसतच नव्हतं.

आता नमुना तयार झाल्यावर तो कुणाच्या तरी डोक्यावर लावून बघायला हवा. साहेब म्हणाले, "भिकाजी, केसांतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय? तुम्हीच बघा." भिकाजी फुलला. शुक्रवारी स्टूलवर येईल त्याच्या डोक्याला त्यानं ते मलम चोळलं. झालं! एकजात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. चिकट आहे. उशी खराब होते. वासुदेव म्हणाला, "माशी बसली तर परत उठूची नाय." भिकाजीनं इमानेइतबारे सगळं साहेबांना सांगितलं. मग जेली कमी केली, मेण काढून टाकलं, पातळ पॅराफिन वाढवलं आणि वर मोगऱ्याचा सुगंध घातला. पुढच्या शुक्रवारी सगळे खूश. साहेबांनी लेबल छापून आणलं, त्यावर कमरेपर्यंत सरळ केस सोडलेली बाई, डोळे मिटून हसणारी. जूनअखेर माल मोंबासाच्या बोटीवर चढला.

शहाणी माणसं हो, दोघंही! पण मोंबासाच्या बायकांचं मलम मालवणी डोक्यांवर पारखलं जातंय, हे त्या शेडमध्ये एकाच्याही ध्यानात आलं नाही.

ऑगस्टमध्ये कुलसुमबाई परत आल्या तेव्हा टॅक्सीच्या डिकीत अर्धी खोकी तशीच होती. त्या ओरडल्या नाहीत. एक डबा उघडून तो त्यांनी भिकाजीच्या तळहातावर उपडा केला. मनगटावरून तेल कोपरापर्यंत ओघळलं.

"भिकाभाई, किसके सर पे देखा था?"

भिकाजीनं खालमानेनं वासुदेवाकडं बोट केलं. वासुदेव दारात खोकी बांधत होता. पुढून टक्कल, मागं चार सरळ केस. कुलसुमबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्या इतक्या हसल्या, की त्यांना खोक्यावर बसावं लागलं. मग हसू थांबलं.

"मैं दुकानदार नहीं हूँ," त्या म्हणाल्या. "मैं बाल गूँथती हूँ."

मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांच्या असल्यापासून बायका त्यांच्या पुढ्यात बसतात. डोकं गुडघ्यांमध्ये, सहा-सहा तास, बारीक बारीक वेण्या. चौदा मुली त्यांच्या हाताखाली शिकल्या, त्या घरोघरी वेण्या घालतात आणि सोबत डबे विकतात. हे मलम लावलं तर उन्हात कपाळावरून वाहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी केस काथ्यासारखे कोरडे. एका पोरीच्या लग्नाच्या सकाळी वेण्या सोडताना केस कंगव्यात तुटून आले, मूठभर. ती पोर आरशासमोर रडली आणि तिची आई कुलसुमबाईंच्या दारात येऊन ओरडली. "मैंने अपना नाम लगाया था. अब मेरे सामने कोई नहीं बैठती, भिकाभाई."

भिकाजीला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. न्हाव्यासमोर कुणी बसायचं थांबलं म्हणजे काय, हे त्याला सांगायला लागत नव्हतं.

सोळा दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर चढायचं होतं. तेवढ्यात नवीन मलम झालं पाहिजे. पण बघायचं कशावर? बाई परपुरुषासमोर डोक्यावरचं कापड काढणार नाहीत. स्वतः लावून बघते म्हणाल्या, तर एका डोक्याला एकच नमुना लागणार, आणि त्याचा गुण कळायला आठवडा जाणार. भिकाजी म्हणाला, झुपके असते तर सहा नमुने एकदम लावून बघता आले असते. हे बोलला आणि त्यानं जीभ चावली.

कुलसुमबाई दोन दिवसांनी आल्या तेव्हा हातात लेसोच्या फडक्याची एक पुरचुंडी होती. "दो महीने की चोटियाँ खोली हैं," म्हणाल्या, आणि ती पुढं केली. पण हात सैल सोडला नव्हता.

भिकाजीला कळलं. आत त्यांच्याच वेण्यांतून निघालेलं गुंतवळ आहे हे कळलं आणि मूठ का घट्ट आहे तेही कळलं. दूर मोंबासातल्या आयासुद्धा पोरींना तेच सांगतात तर, जे कणकवलीतल्या सांगतात. त्यानं पिंपाचे हात पँटीला पुसले, मग नळावर जाऊन साबणानं धुतले, आणि परत येऊन दोन्ही हातांची ओंजळ केली.

"वापस चाहिए?" त्यानं विचारलं.

कुलसुमबाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "पूरा," त्या म्हणाल्या.

"पूरा," भिकाजी म्हणाला.

साहेब बाजूलाच उभे होते. त्यांना वाटलं, बाई सॅम्पल रिटर्नचं बोलताहेत. केमिस्ट्री शिकलेला माणूस, त्याला एवढंच कळायचं.

भिकाजीनं एका फळीवर सहा खिळे ठोकले आणि सहा झुपके लाल दोऱ्यानं बांधले. असले केस त्याच्या हातांनी जन्मात पाहिले नव्हते. प्रत्येक केस स्प्रिंगसारखा वळलेला, कापसासारखा हलका, ओढला की चौपट लांब होणारा आणि सोडला की परत आपल्या जागी. त्याला वाटायचं, आपल्याला डोकी कळतात. अर्ध्या जगाची डोकी त्याला ठाऊकच नव्हती. पहिल्या दिवशी बारीक कंगवा लावला आणि दोन केस तटकन तुटले. त्यानं ते दोन्ही टिपून पुरचुंडीत ठेवले.

कुलसुमबाई एक दिवसाआड येऊन स्टूलवर बसायच्या आणि त्याला झाडायच्या. त्याचं पहिलं पाप म्हणजे तो मलम कोरड्या केसांना लावत होता. "पानी पहले, भिकाभाई, पानी! हमारे बाल प्यासे हैं. मलम ढक्कन है." आधी पाणी, मग मलम, म्हणजे पाणी आत कोंडून राहतं. दुसरं पाप बारीक कंगवा. तिसरं पाप मोगरा. "बाल में लगाना है, बारात में नहीं जाना." वासुदेव आणि मंडळी ज्याला चिकट म्हणत होती, तेच तर त्यांना हवं होतं. मेण परत आलं, जेली वाढली. भिकाजीनं स्वतःच्या डोक्यानं खोबरेल घातलं, ते त्यांना पसंत पडलं. मग एरंडेल घातलं. त्या म्हणाल्या, हे माझी आजी वापरायची. अकराव्या दिवशी चौथ्या खिळ्यावरचा झुपका उन्हात दोन दिवस टांगूनही मऊ राहिला. भिकाजीनं तो बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. एकही केस तुटला नाही. माणूस पन्नाशीकडं झुकलेला, पण शेडमध्ये त्यानं चक्क उडी मारली.

रोज काम संपलं की तो झुपके खिळ्यांवरून काढायचा, पुरचुंडीत बांधायचा आणि खोलीत नेऊन धोकटीत ठेवायचा. शेडमध्ये ठेवले तर झाडूवाला कचऱ्यात टाकेल ही भीती. मलम जमल्यावर तर ते दिवसाही धोकटीतच राहू लागले. खोलीत चौघं. भिकाजी रोज संध्याकाळी कसलंसं फडकं उघडून बघतो, मोजल्यासारखं करतो, परत बांधतो, हे तिघांनी पाहिलं होतं. विचारायला कुणी गेलं नाही. कुजबुज मात्र झाली.

त्याच आठवड्यात वासुदेवाला ताप भरला. साधासुधा नाही, चार दिवस हटेना. क्लिनिकमधून गोळ्या आणल्या, तरी खोलीत पडून. पाचव्या दिवशी, सगळे कामावर गेलेले असताना, दाढी करावी म्हणून ब्लेड शोधायला त्यानं भिकाजीची धोकटी उघडली. आत फडकं. फडक्यात बाईमाणसाचं गुंतवळ, लाल दोऱ्यानं बांधलेले सहा झुपके.

बोंबला! करणीवरून आयुष्यभर टिंगल करणारा हा गडी, पण शेवटी घाडीच तो. त्याच्या आजोबांच्या अंगणात लोक करणी उतरवून घ्यायला यायचे. लाल दोरा बघितल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. एकशे दोन ताप अंगात घेऊन तो तसाच उठला, अर्धा मैल चालत खाडीवर गेला, आणि फडक्यासकट सगळं भरतीच्या पाण्यात भिरकावून आला. आणि गंमत बघा, येऊन झोपला तो घामानं डबडबला आणि ताप उतरला! गोळ्यांनी उतरला असेल हो, पण हे वासुदेवाला कोण पटवणार?

भिकाजी चार वाजता आला तो खुशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलसुमबाई माल न्यायला येणार होत्या. डबे भरून तयार होते, पुरचुंडी द्यायची आणि हात जोडायचे, एवढंच राहिलं होतं. त्यानं धोकटी उघडली.

"मेल्या, केस खंय ते?"

"खाडयेत," वासुदेव पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्यावर करणी करतंस? त्या आफ्रिकावालीचे केस आणून?"

"कोणाक इचारून टाकलंस?"

"ताप उतरलो बघ माझो!"

भिकाजीनं त्याला मारलं नाही. मारायचं राहिलं ते एवढ्यासाठीच, की ओहोटी लागायची वेळ झाली होती आणि वेळ घालवून चालणार नव्हतं. तो धावत खाडीवर गेला. खारफुटीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत, मुळामुळांतून हात घालत तो सूर्य बुडेपर्यंत शोधत राहिला. फडकं सापडलं. एका फांदीला अडकलं होतं, सुटलेलं, रिकामं. केस नव्हते. एकसुद्धा नव्हता. तो चिखलात उभा राहून रडला, हुंदके देऊन रडला. तीन पिढ्यांत झालं नव्हतं ते त्याच्या हातून झालं होतं, आणि तेही अशा बाईच्या बाबतीत, जिनं देश परका, माणूस परका, तरी मूठ उघडली होती.

सकाळी साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी चुटकीसरशी तोडगा काढला. "अहो, नाइफला वेण्यांसाठीचे नकली केस मिळतात, आफ्रिकन बायकांसाठीच. पाच दिरहम, पन्नास रुपयांचा मामला. आणतो, बांधा फडक्यात. केसच ते, तिला काय फरक कळणार? उगाच ऑर्डर हातची जाईल."

भिकाजीच्या मनात आलं नसेल असं नाही. आलं. डबे चांगले झाले होते, बाईंचं नाव सावरलं जाणार होतं, आणि खरं सांगितलं तर त्या कदाचित डबेही न घेता निघून जातील. मग त्या चौदा पोरी, त्या कपडे धुणाऱ्या बाया, सगळंच बुडालं. एक खोटं बोललं तर कुणाचं काय जातंय? त्यानं धुतलेलं फडकं घडी घालून खिशात ठेवलं आणि साहेबांना म्हणाला, "नको साहेब."

कुलसुमबाई आल्या. त्यानं आधी डबा उघडून त्यांच्या हातावर ठेवला, मग सगळं सांगितलं. वासुदेव, ताप, खाडी, सगळं. मान वर न करता. "पूरा बोला था. एक भी नहीं बचा."

कुलसुमबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या खोक्यावर बसल्या आणि दोन्ही हात डोक्यावरच्या कापडावर ठेवून बसून राहिल्या, जणू आतले केसही कुणी नेतंय. "मेरी माँ होती तो मुझे मारती," एवढंच म्हणाल्या. साहेब काही बोलायला गेले, त्यांनी हातानंच थांबवलं.

भिकाजी खोलीत गेला आणि धोकटीतली बापाची कात्री घेऊन आला. बाईंसमोर उभा राहून त्यानं कानशिलावरचे आपले केस चिमटीत धरले आणि कापले. लाल दोऱ्यानं बांधले, त्यांच्याच फडक्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी पुढं केले.

"तुम्हारा पानी में गया. मेरा तुम रखो. मेरे मन में कुछ बुरा होगा, तो मैं भी तुम्हारे हाथ में हूँ."

बाहेर ट्रकवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत हॉर्न मारत होता. कुलसुमबाईंनी ती पुरचुंडी घेतली, लेसोच्या कोपऱ्यात ठेवली आणि वर अशी गाठ मारली, की ती दातांशिवाय सुटू नये. मग त्यांनी डबा नाकाशी नेला, बोटानं मलम घेतलं, तळहातावर चोळलं.

"मोगरा नहीं है," त्या म्हणाल्या. आणि उठताना, "अब सुनो भिकाभाई. मुझे कुछ हुआ, तो तुमको भी होगा." हसत म्हणाल्या की खरंच, ते भिकाजीला त्या दिवशी कळलं नाही.

डबे चालले. दोन दिरहमचा डबा मोंबासापासून कुठं कुठं गेला. लेबलवरची केस सोडलेली बाई गेली आणि तिच्या जागी वेण्या घातलेलं डोकं आलं, तेही पाठमोरं, कारण चेहऱ्यावरून साहेबांचं आणि कुलसुमबाईंचं कधी एकमत झालं नाही. शेडमध्ये पिंपं तिनाची पाच झाली. वासुदेवानं माफी मागितली नाही, पण त्या बाई आल्या की त्यांची खोकी तो स्वतः टॅक्सीत चढवायचा आणि डोळ्याला डोळा द्यायचा नाही.

कुलसुमबाई दर खेपेला दारातूनच ओरडायच्या, "भिकाभाई, ज़िंदा हो?"

"ज़िंदा!"

"तो मैं भी!"

याच्यापलीकडं त्या पुरचुंडीचा विषय दोघांनी कधी काढला नाही. नर्मदाला त्यानं सुट्टीत हे सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "स्वतःचे केस दिलात? परक्या मुलखात?" मग हात खाली घेत म्हणाली, "बरं केलंत." आणि तेव्हापासून ती फोनवर त्याच्याआधी कुलसुमबाईंची तब्येत विचारायची.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यानंतर कुलसुमबाई आल्या नाहीत. माल दुसऱ्याच कुणाच्या हाती जायचा. भिकाजीनं चौकशी केली तर इन्शाल्ला, येतील, एवढंच. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये तो कायमचा घरी निघायचा होता. व्हिसा कॅन्सल झाला होता, खोकी बांधून झाली होती. जायच्या तीन दिवस आधी एक टॅक्सी थांबली. तो जवळजवळ धावलाच. उतरली ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. तीच उंची, तोच कपाळाचा उतार, खांद्यावर तोच लेसो.

"मी शहनाझ," ती इंग्रजीत म्हणाली. साहेबांनी मराठीत सांगितलं. "कुलसुम माझी आई. रमजानमध्ये गेली. किडनी."

भिकाजी जिथं होता तिथंच खाली बसला.

शहनाझनं पिशवीतून पुरचुंडी काढली. कापड विटलं होतं, गाठ तीच होती. आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. आईनं उघडू दिलं नव्हतं. जायच्या आठ दिवस आधी आई अंथरुणात उठून बसली, म्हणाली, हे आजच्या आज माझ्या घरातून बाहेर काढ. मी मरताना हे माझ्याजवळ असता कामा नये, नाहीतर त्या माणसाला काहीतरी होईल. म्हणून मी हे शेजारणीकडं नेऊन ठेवलं, शहनाझ म्हणाली. तिकिटाचे पैसे जमायला वेळ लागला, आता जाताना डबेही मीच घेऊन जाणार आहे. आणि आईनं एक शब्द सांगायला सांगितलाय, त्याचा अर्थ मला नीट माहीत नाही.

"पूरा," शहनाझ म्हणाली.

साहेबांनी तोंड फिरवलं. भिकाजीला दातांनी गाठ सोडायला लागली. आत लाल दोरा तसाच होता आणि केस काळेभोर. त्याच्या डोक्यावर आता एकही काळा उरला नव्हता. सहा वर्षं त्या बाईनं ते सांभाळले होते, आणि स्वतःचा जीव जाताना तिला काळजी पडली होती ती उम्म अल कुवैनमधल्या एका न्हाव्याची. त्यानं पुरचुंडी छातीशी धरली आणि वासुदेवासमोर, साहेबांसमोर, त्या तरण्या पोरीसमोर तो मोठ्यानं रडला. वासुदेव पुढं आला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "चुकला रे माझा. माफ कर."

भिकाजी उठला आणि खाडीवर गेला. बापाच्या नेमाप्रमाणं खड्डा करून माती लोटायला हवी होती. कुंपणामागं सोयीची जागाही होती. पण ज्यांचे केस आपण परत देऊ शकलो नाही, त्यांना सोडून आपले एकट्याचे मातीखाली नीट ठेवायचे, हे त्याला पटेना. ओहोटी लागली होती. खारफुटीच्या मुळांशी वाकून त्यानं दोरा सोडला आणि केस पाण्यावर ठेवले. ते थोडे फिरले आणि बाहेर समुद्राकडं गेले, तिचे गेले होते तिकडंच.

"पूरा, कुलसुमबाई," तो म्हणाला.

मग फडकं पाण्यात बुचकळून, पिळून त्यानं खांद्यावर टाकलं आणि तो शेडकडं वळला. शहनाझच्या डब्यांना अजून झाकणं लावायची होती.